पेटीत काय आहे, हे कोण सांगणार?

३ डिसेंबर २०२४ रोजी सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीत मतदान व्हायचे होते. सरकारी नव्हे, गावाने आपले आपण ठरवलेले. विधानसभेचा निकाल लागून दहा दिवस झाले होते आणि मतयंत्राने गावापुरते दाखवलेले आकडे एका गटाच्या गळी उतरत नव्हते: एका उमेदवाराला १,००३ आणि दुसऱ्याला ८४३. गंमत अशी की हा ८४३ मतांचा उमेदवारच माळशिरस मतदारसंघात निवडून आलेला होता. म्हणजे तक्रार हरलेल्यांची नव्हती, जिंकलेल्यांची होती. त्यांनी मतपत्रिका छापून आणल्या, कागदावर शिक्का मारून पेटीत टाकायचा बेत केला. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, आणि एकही मत न पडता बेत मोडला. पुढे गुन्हेही दाखल झाले.

यंत्र खरे बोलत होते की नाही, हा या टिपणाचा विषय नाही. विषय एवढाच, की यंत्राबद्दल शंका आल्यावर गावाला आठवली ती पेटीच. पेट्या पळवल्याच्या, पेटीत शाई ओतल्याच्या गोष्टी ऐकतच लोक म्हातारे झाले आहेत. तरीही पेटी हवी. का हवी, हे समजून घ्यायचे तर निवडणुकीच्या बरेच मागे जावे लागते. आधी शब्दाकडे, मग गोष्टींकडे.

शब्दच मुळात गुंत्याचा आहे. अमरकोशात पिटक, पेटक, पेटा आणि मंजूषा हे चार शब्द एका दमात येतात, आणि त्यांना चिकटून लगेच खांद्यावरून भार वाहायच्या काठीचे, म्हणजे आपल्या कावडीचे, शब्द येतात. यात टोपली कोणती आणि पेटी कोणती, हे कोशकाराला वेगळे सांगावेसे वाटलेले नाही. बौद्धांच्या त्रिपिटकातले पिटक तेच. वेत, बांबू, कातडे, लाकूड, पत्रा, ज्याचे असेल त्याचे. वर झाकण असले आणि आत काय आहे हे बाहेरून दिसत नसले, की ती वस्तू या घरात जमा. पँडोराची पेटीसुद्धा मुळात पेटी नव्हती. ग्रीक काव्यात तो धान्य-तेल साठवायचा मोठा रांजण होता. सोळाव्या शतकात एका डच विद्वानाने लॅटिनमध्ये ती गोष्ट सांगताना रांजणाच्या जागी डबी लिहिली, आणि तेव्हापासून जगभरचे रांजण पेटीत गेले. आपल्याकडे असा घोटाळा व्हायचे कारणच नव्हते, कारण आपण कधी भेद केलाच नव्हता.

मराठीत तर पेटी म्हटले की कोणती, हे समोरचा माणूस बघून ठरवावे लागते. गाण्याच्या घरात पेटी म्हणजे बाजाची पेटी. पॅरिसमध्ये १८४२ साली पेटंट घेतलेले हे वाद्य कलकत्त्यात हाताने भाता मारण्याजोगे झाले आणि आपल्याकडे नाटकमंडळ्यांच्या बिऱ्हाडात शिरले. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर तिला बंदी होती. बैठकीत मात्र तिच्याशिवाय पान हलत नव्हते. कोकणात मार्चनंतर पेटी म्हणजे आंब्याची. कीर्तनाला गेलात तर दानपेटी, कचेरीत तक्रारपेटी, कोपऱ्यावर टपालपेटी. नवी कोरी वस्तू असेल तर ‘एकदम पेटीपॅक’.

आणि मग पेटी म्हणजे एक लाख रुपये. हा अर्थ मुंबईच्या खंडणीच्या धंद्यातून आला. ऐंशी-नव्वदच्या दशकांत फोनवर आकडा उच्चारायचा नसे, म्हणून लाखाला पेटी आणि कोटीला खोका. लोक याचे कारण असे सांगतात, की लाखाच्या नोटा पेटीत मावत आणि कोटीच्या नोटांना टीव्हीचे खोके लागे. हिशेब मांडला तर हे अर्धेच जुळते. शंभराच्या नोटांत लाख म्हणजे दहा बंडले. ती शबनम पिशवीतही जातात. दहाच्या नोटांत शंभर बंडले होतात, तेव्हा कुठे पेटी हवी. शब्द नोटांच्या आकारावरून नव्हे, तर न बोलण्याच्या गरजेवरून आला असावा असे मला वाटते. आत काय आहे हे दोघांनाही माहीत असते; म्हणूनच दोघेही फक्त वेष्टनाचे नाव घेतात. मराठी माणसाला ही कल्पना नवी नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपण आधीपासून म्हणतच होतो.

हा शब्द २०२२ मध्ये राजकारणाच्या भर चौकात आला. जूनमध्ये राज्यातला सत्ताधारी पक्ष फुटला, सरकार बदलले, आणि ऑगस्टच्या पावसाळी अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी ‘पन्नास खोके, एकदम ओके’ची घोषणा दिली. आरोप झाला, आरोप फेटाळला गेला, बदनामीच्या दाव्यांची भाषा झाली. त्या खोक्यांचा कोणी पंचनामा केला नाही. पन्नास कोटी पाचशेच्या नोटांत मांडले तर दहा लाख नोटा होतात. एक नोट ग्रॅमभराची धरली तरी टनभर वजन. एवढा माल कोणत्या खोक्यात भरणार, असे कोणी विचारले नाही, कारण घोषणेतले खोके भरायचे नव्हतेच. ते बंद ठेवून हलवून दाखवायचे होते. पुढे गणपतीच्या देखाव्यांत, लग्नातल्या उखाण्यांत आणि पोरांच्या क्रिकेटमध्येही खोके आले. ज्या शब्दाचा जन्मच उघडपणे न बोलण्यासाठी झाला, तो गावभर ओरडला जाऊ लागला.

आता गोष्टींकडे. कर्णाची पेटी सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून एकच तपशील सांगतो. वनपर्वात कुंती त्या पेटीचे सांधे मेणाने बुजवते. अश्वनदीतून चर्मण्वतीत, तिथून यमुनेत, यमुनेतून गंगेत आणि गंगेतून चंपानगरीपर्यंत ती पेटी जाते आणि अधिरथाच्या हाती लागते. एवढ्या प्रवासात आत मूल आहे हे कोणालाही कळत नाही, आणि उघडल्यावर ते कोणाचे हेही कळत नाही. मेण फक्त पाणी अडवत नाही, नावही अडवते.

त्याहून मला महत्त्वाची वाटते ती कथासरित्सागरातली उपकोशेची पेटी. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये लिहिलेल्या या ग्रंथातली ही गोष्ट आपल्याकडे मुलांना सांगत नाहीत, त्याचे कारण वाचताना कळेल. वररुची तपाला हिमालयात गेलेला. जाताना पैसा हिरण्यगुप्त नावाच्या वाण्याकडे ठेव म्हणून दिलेला. एकटी राहिलेली उपकोशा गंगेवर स्नानाला जाते तर वाटेत एकेक करून राजपुरोहित, नगराचा दंडाधिकारी आणि राजपुत्राचा मंत्री तिला अडवतात. घरखर्चासाठी ठेवीतले पैसे मागायला वाण्याकडे निरोप धाडते तर तोही तीच अट घालतो. ती चौघांनाही वसंतोत्सवाच्या रात्री वेगवेगळ्या प्रहरी बोलावते. पहिले तिघे आले की दासी त्यांना अंधारात न्हाऊ घालायच्या मिषाने तेल आणि काजळ चोपडतात, चिंध्या नेसवतात आणि पुढचा आला असे भेवडावून एकामागून एक मोठ्या पेटीत कोंबतात. वाणी येतो तेव्हा ती त्याला पेटीच्या जवळ बसवते आणि ठेव परत द्यायची कबुली त्याच्याकडून मोठ्याने वदवून घेते. मग म्हणते, देवांनो, ऐकलेत ना?

दुसऱ्या दिवशी वाणी कानावर हात ठेवतो. ती नंद राजाच्या दरबारात जाते आणि सांगते, माझे साक्षीदार घरातले देव आहेत, ते पेटीत आहेत. पेटी दरबारात येते. आतल्या ‘देवां’पुढे दोनच वाटा असतात, खरे बोला नाहीतर इथेच सगळ्यांसमोर पेटी उघडते. पेटीतून आवाज येतो, हो, वाण्याने कबुली दिली होती. वाणी घाबरून पैसे कबूल करतो. मग राजाला राहवत नाही. पेटी उघडली जाते आणि काजळाचे तीन गोळे बाहेर येतात.

पेटीबद्दलची याहून नेमकी गोष्ट माझ्या वाचनात नाही. बंद असेपर्यंत आत देव असतात, उघडल्यावर पुरोहित, दंडाधिकारी आणि मंत्री निघतात. आणि तरीही साक्ष खोटी ठरत नाही. पेटीचा उपयोग दोनदा झाला: एकदा बंद म्हणून, एकदा सगळ्यांसमोर उघडली म्हणून. यातला एक भाग जरी वगळला तरी उपकोशा हरली असती.

आग्र्याच्या पेटाऱ्यांत हाच नियम उलटा वापरलेला दिसतो. १७ ऑगस्ट १६६६ च्या त्या प्रसंगाचे वर्णन इथे पुन्हा नको. राजे स्वतः पेटाऱ्यात बसले, की पेटारे वाहणाऱ्यांत मिसळून चालत बाहेर पडले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. बखरी एक सांगतात आणि समकालीन पत्रांतून तेवढे पक्के काही हाती लागत नाही. वाद आहे तो पेटाऱ्यातल्या माणसाबद्दल. पेटाऱ्यांच्या रोजच्या रिवाजाबद्दल फारसा वाद नाही: मिठाईचे पेटारे सतत बाहेर जात होते, पहारेकरी सुरुवातीला झाकण उघडून बघत होते, नंतर बघेनासे झाले. पेटारा भक्कम होता म्हणून युक्ती फळली नाही. उघडायचा कंटाळा आला म्हणून फळली. अमरकोशात पेटीला कावड लागून येते असे वर म्हटले, ते इथे आठवावे. चालत्या पेटीवर पहारा ठेवणे बसल्या पेटीपेक्षा कठीण असते. हे निवडणूक कर्मचाऱ्यांना पुढे चांगले कळले.

घरगुती पेट्यांबद्दल थोडक्यात. फणेरपेटी, कुंकवाचा करंडा, शाळिग्रामाचे संपुष्ट, मिसळणाचा डबा, गिरणगावातल्या खोलीत खाटेखाली सरकवलेली पत्र्याची ट्रंक. एकेका खोलीत दहा-पंधरा चाकरमानी राहत आणि पाळीपाळीने झोपत, तिथे माणसाची खासगी जागा म्हणजे ती ट्रंक. कुलूप असे ते पितळेचे आणि एवढेसे. दगडाने फुटले असते. पण दुसऱ्याच्या ट्रंकेला हात लावायचा नाही, हा खोलीचा कायदा होता आणि खरे काम तो कायदा करत होता. आंब्याच्या पेटीत हाच कायदा मोडलेला दिसतो. वरच्या थरात भरदार फळ आणि पेंढ्याखाली बारके, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असते, दलालाला ठाऊक असते, आणि तरी पेटी न उघडता भाव होतो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी पेटीवर देवगड लिहून आत दुसराच माल भरणे थांबले नाही. शेवटी देवगडच्या बागायतदारांनी २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळावर क्रमांक असलेले, काढले तर फाटणारे लेबल चिकटवायला घेतले. विश्वास पेटीवरून उठून एकेका आंब्यावर गेला.

आता ज्या निर्णयाभोवती हे सगळे फिरते, तो देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी घेतलेला १९५१ चा निर्णय.

त्या वर्षी देशात मतदार सुमारे १७ कोटी ३० लाख होते आणि त्याच वर्षीच्या जनगणनेत साक्षरता १८ टक्क्यांच्या थोडीशी वर निघाली होती. कागदावर नावे छापून त्यापुढे खूण करायला सांगावे, तर बहुतेकांना नावे वाचता येणार नव्हती. तेव्हा ठरले असे, की नावे कागदावर नकोतच, पेटीवर चिन्ह असू द्या. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. मतदाराला मिळणारी मतपत्रिका एक रुपयाच्या नोटेएवढी, नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापलेली, आणि तिच्यावर कोणत्याही उमेदवाराचे नाव नाही. पडद्याआड जायचे, पेट्या मांडलेल्या असत, आपल्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकायचा आणि बाहेर यायचे. कागदावर शाई नको, शिक्का नको, अक्षर नको.

याचा साधा अर्थ असा, की त्या निवडणुकीत मत कागदावर नव्हते. कागद सगळे सारखे होते. मत होते ते कोणत्या पेटीत टाकले यात. पेटी ही मताची साठवण नव्हती, पेटी हेच मत होते. लोक बोलतही तसेच: बैलजोडीच्या पेटीत टाकले, झोपडीच्या पेटीत टाकले, हत्तीच्या पेटीत टाकले. जगात बहुतेक ठिकाणी मतपेटी ही सगळ्यांची एकच असते. इथे ती उमेदवाराचा चेहरा झाली. काही ठिकाणी लोकांनी पेटीला फुले वाहिली, आतून मतपत्रिकांबरोबर नाणी आणि गाऱ्हाण्याच्या चिठ्ठ्या निघाल्या, असे किस्से त्या निवडणुकीच्या वृत्तान्तांत येतात. शहरी वाचक त्यावर हसले. मला त्यात हसण्यासारखे दिसत नाही. ज्या समाजाला पेटी म्हणजे देव्हाऱ्यातले संपुष्ट आणि देवळातली दानपेटी एवढेच माहीत, त्याच्यापुढे सरकारने लाख-मोहोर लावलेली पेटी ठेवली आणि सांगितले, यात टाकलेले कोणी बघणार नाही, पण सगळे मोजले जाईल. त्याने ते ऐकून घेतले आणि आपल्या परीने समजून घेतले.

पण खर्च प्रचंड आला. उमेदवार तितक्या पेट्या, शिवाय लोकसभेच्या वेगळ्या आणि विधानसभेच्या वेगळ्या. २ लाख २४ हजार मतदान केंद्रांसाठी २० लाखांच्या घरात पोलादी पेट्या लागल्या, त्यांना ८,२०० टन पोलाद लागले. यातल्या १२ लाखांहून अधिक पेट्या मुंबईच्या विक्रोळीत, कुलपे-कपाटे करणाऱ्या एका कारखान्यात बनल्या. दर होता पेटीमागे सुमारे ५ रुपये. बाहेरून कुलूप लावायचे तर त्या दरात बसत नव्हते; कारखान्यातल्याच एका कामगाराने आतून बसणारी कडी सुचवली आणि हिशेब जमला. पहिले मत हिमाचलमधल्या ‘चिनी’ नावाच्या तहसिलीत २५ ऑक्टोबर १९५१ ला पडले, बर्फाने वाटा बंद व्हायच्या आत. मुंबई राज्याची पाळी जानेवारी १९५२ मध्ये आली.

त्या पेटीची खरी सुरक्षा पोलादात नव्हती. झाकणाजवळ कागदी सील लावायचे आणि त्यावर उमेदवारांच्या प्रतिनिधींनी सह्या करायच्या. कागद कोणीही फाडू शकतो. तो फाटावा म्हणूनच लावायचा. कुलूप चोराला अडवायचा प्रयत्न करते. सील अडवत नाही, ते फक्त चोरी झाल्याचे सांगते, आणि तेही ज्यांनी सह्या केल्या त्यांनाच नीट सांगते. गिरणगावातल्या ट्रंकेचे एवढेसे कुलूप आणि हे सील एकाच जातीचे.

वेगळ्या पेट्यांच्या पद्धतीला विरोध झाला तो मुख्यतः दोन कारणांनी. पहिले म्हणजे पडद्याआड मतदार काय करतो हे कोणी बघत नसल्याने तो मतपत्रिका पेटीत न टाकता कनवटीला लावून बाहेर आणू शकत होता. बाहेर दलाल उभा. अशा वीस-पंचवीस कोऱ्या मतपत्रिका जमल्या की आपल्या भरवशाच्या एकाच माणसाच्या हाती त्या आत पाठवायच्या. कागदावर काहीच लिहिलेले नसल्याने कोणता कागद कोणाचा, याचा मागमूस राहत नसे. जी गोष्ट गुप्ततेसाठी केली तीच विक्रीला सोयीची झाली.

दुसरे कारण दुहेरी मतदारसंघांचे, आणि ते मुंबईशी थेट निगडित आहे. लोकसभेच्या ४०१ मतदारसंघांपैकी ८६ मतदारसंघांतून दोन-दोन सदस्य निवडायचे होते, एक सर्वसाधारण आणि एक राखीव जागेवरचा. मतदाराला दोन मतपत्रिका मिळत. नियम असा, की दोन्ही एकाच पेटीत टाकायच्या नाहीत. टाकल्या तर त्यातली एक बाद. कागदावर खूण करायची असती तर एका कागदावर दोन खुणा, इतके सोपे झाले असते. इथे माणसाने दोन वेगळ्या पेट्या शोधून दोनदा हात घालायचा होता. आपल्याच एका चिन्हावर जीव असलेल्याने दोन्ही कागद तिथेच टाकले तर त्याचा दोष काय?

मुंबई शहर उत्तर या दुहेरी मतदारसंघात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. राखीव जागेवर उभे होते ते राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष. ते सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले, आणि त्या मतदारसंघात बाद झालेली मते होती ७४ हजारांहून जास्त. प्रतिस्पर्ध्यांपैकी एका गटाने दुसरे मत ‘कुजवा’ असा प्रचार केला, म्हणजे दोन्ही कागद एकाच पेटीत टाकून एक वाया घालवा, अशी तक्रार घेऊन निवडणूक अर्ज दाखल झाला. तो फेटाळला गेला. बाद मतांपैकी किती अजाणतेपणी पडली आणि किती ठरवून, हे आता सांगता येणार नाही. मात्र हा पराभव सांगताना आजही जातीचे, पक्षाचे, युतीचे हिशेब मांडले जातात आणि पेटीच्या रचनेचा उल्लेख तळटीपेत जातो, हे मला अन्यायाचे वाटते. ७४ हजार हा आकडा साडेचौदा हजारांच्या पाचपट आहे.

तरीही तो निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. अठरा टक्के साक्षरतेत दुसरा सोपा मार्ग दिसत नव्हता, आणि एकेरी मतदारसंघांत ती पद्धत बऱ्यापैकी चालली. १९५७ ला पेट्या तशाच पुन्हा वापरल्या. मग १९६० मध्ये केरळात आणि १९६१ मध्ये ओडिशात मतपत्रिकेवर नावे-चिन्हे छापून शिक्का मारायची पद्धत वापरून बघितली, आणि १९६२ पासून ती देशभर लागू झाली. दुहेरी मतदारसंघ १९६१ मध्येच कायद्याने मोडीत निघाले. मत पेटीतून कागदावर आले. पेटी आता सगळ्यांची एक झाली, चेहरा नसलेली.

चेहरा गेल्यावर पेटी पळवणे सोपे झाले, की आधीपासूनच सोपे होते, यावर वाद घालता येईल. बिहारच्या बेगुसराय भागातल्या रचियाही गावाचे नाव मतदान केंद्र बळकावण्यात पहिले म्हणून घेतात ते १९५७ चे, म्हणजे वेगळ्या पेट्यांच्याच काळातले. पुढच्या तीस वर्षांत हा प्रकार इतका रुळला, की १९८९ मध्ये कायद्यात त्याची व्याख्या घालावी लागली. त्याच दुरुस्तीने मतयंत्रालाही कायद्याची जागा दिली, कारण केरळातल्या परवूरमध्ये १९८२ साली पन्नास केंद्रांवर यंत्र वापरल्यावर न्यायालयाने १९८४ मध्ये ते कायद्यात बसत नाही म्हणून नाकारले होते. म्हणजे पेटी लुटीची व्याख्या आणि पेटीचा पर्याय, दोन्ही एका दमात आले. १९९८ मध्ये तीन राज्यांच्या १६ मतदारसंघांत, आणि २००४ मध्ये लोकसभेला सगळीकडे यंत्र आले.

वर्तमानपत्रांनी मात्र पुढेही बरीच वर्षे ‘उमेदवारांचे भवितव्य मतपेटीत बंद’ असेच छापले. यंत्रात बंद म्हटले की काहीतरी बिघडल्यासारखे वाटते.

मारकडवाडीच्या बाबतीत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. कागदी मतांच्या काळात काही निवडणुकांत अनेक केंद्रांच्या मतपत्रिका आधी एकत्र मिसळत आणि मग मोजत, म्हणजे कोणत्या गावाने कोणाला मते दिली हे बाहेर पडू नये. यंत्राची मोजणी केंद्रनिहाय होते. गावाला १,००३ आणि ८४३ हे आकडे कळले ते त्यामुळेच. जुनी पेटी आणि जुनी मिसळण असती, तर गावाला शंका घ्यायला आकडाच मिळाला नसता. पेटी परत मागणाऱ्यांना हवी आहे ती १९६२ नंतरची पेटी नव्हे. त्यांना उपकोशेची पेटी हवी आहे: आपल्या डोळ्यांदेखत बंद झालेली, आणि दरबारात उघडणारी.

मधल्या काळात यंत्राच्या शेजारी एक पेटी परत आलीच. २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत पहिल्यांदा मतपडताळणीची चिठ्ठी छापणारे यंत्र लावले गेले. काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग कापली जाऊन खालच्या सीलबंद कप्प्यात पडते. २०१९ पासून ती सोय सगळ्या केंद्रांवर आहे. मोजायच्या मात्र प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाचच केंद्रांच्या चिठ्ठ्या. सगळ्या मोजा, नाहीतर कागदी मतपत्रिका परत आणा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. त्याच निकालात एक निर्देशही दिला: १ मे २०२४ पासून, ज्या उपकरणातून उमेदवारांची चिन्हे यंत्रात भरतात ते उपकरण सील करून पेटीत ठेवायचे, सीलवर उमेदवारांच्या किंवा त्यांच्या प्रतिनिधींच्या सह्या घ्यायच्या, आणि ती पेटी निकालानंतर ४५ दिवस यंत्रांसोबत स्ट्राँगरूममध्ये सांभाळायची.